नळाच्या पाण्याची तपासणी: जडपणा वेगळा, सुरक्षितता वेगळी

छोट्या शहरात नळाच्या पाण्याविषयी तक्रार निघाली की दोन निरनिराळ्या गोष्टी हमखास एकत्र केल्या जातात. साबणाला फेस येत नाही, केस राठ होतात, बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो, ही झाली एक तक्रार. पाण्याला वास येतो, मोठ्या पावसानंतर ते गढूळ येते, घरात पोटाची दुखणी वाढतात, ही दुसरी. पहिलीचे कारण पाण्यात विरघळलेले कॅल्शियम व मॅग्नेशियम हे असते. दुसरीमागे जंतू, गाळ, जुन्या जलवाहिन्या किंवा निर्जंतुकीकरणातील ढिलाई असते. जड पाणी पिण्यास पूर्णपणे सुरक्षित असू शकते आणि हलके, नितळ, चवीला चांगले लागणारे पाणी घातक असू शकते. हे दोन प्रश्न वेगळे ठेवून, दोन्हींची वेगळी तपासणी करून, मगच उपकरणावर खर्च करावा. उलट क्रमाने गेल्यास घरात महागडे यंत्र येते आणि मूळ दोष तसाच राहतो.

आधी पाणी कुठून येते ते शोधावे

मोठ्या शहरांना बहुधा एक-दोन मोठे जलाशय आणि सुसज्ज प्रयोगशाळा असतात. छोट्या शहराची व्यवस्था बहुतेक ठिकाणी मिश्र असते: काही भागाला नदीचे किंवा तलावाचे पाणी, काही भागाला विंधन विहिरींचे, आणि टंचाईच्या काळात दोन्हींचे मिश्रण. भूजल खडकांतून हळूहळू झिरपत येते, त्यामुळे चुनखडीसारख्या खडकांतील क्षार त्यात अधिक उतरतात. पृष्ठभागावरचे पाणी सहसा हलके असते, पण त्यात गाळ आणि जंतू येण्याची शक्यता जास्त असते. एकाच गावातील दोन गल्ल्यांत जडपणाचे आकडे दुपटीने वेगळे निघतात, किंवा एकाच नळाचे पाणी ऋतू बदलताच बदलते, त्याचे कारण बहुधा इथेच सापडते. म्हणून पाणीपुरवठा विभागाला पहिला प्रश्न असा विचारावा की आपल्या भागाला कोणत्या स्रोताचे पाणी येते आणि ते वर्षभर तेच असते का. त्याच वेळी गेल्या वर्षभराचे तपासणी अहवाल मागावेत. एकच अहवाल घेऊन समाधान मानू नये, कारण एका दिवसाचा नमुना त्या दिवसापुरताच बोलतो.

अहवाल हाती आल्यावर आकड्याआधी एकक पाहावे. जडपणा बहुधा ‘मिलिग्रॅम प्रति लिटर, कॅल्शियम कार्बोनेट म्हणून’ असा लिहिलेला असतो, पण काही ठिकाणी अंश वापरतात: एक जर्मन अंश म्हणजे सुमारे १७.८ मिलिग्रॅम, एक फ्रेंच अंश म्हणजे १० मिलिग्रॅम, एक इंग्रजी किंवा क्लार्क अंश म्हणजे सुमारे १४.३ मिलिग्रॅम. अहवालात जडपणाचा आकडा नसून केवळ कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दिले असतील तर हिशेब सोपा आहे. कॅल्शियमच्या आकड्याला २.५ ने आणि मॅग्नेशियमच्या आकड्याला ४.१ ने गुणून बेरीज करावी. एका लिटरमध्ये ६० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि २० मिलिग्रॅम मॅग्नेशियम असेल तर १५० अधिक ८२, म्हणजे सुमारे २३२ मिलिग्रॅम जडपणा झाला.

घरी जडपणा मोजण्याच्या पद्धती

सर्वांत साधी पाहणी काचेच्या तुकड्यावर होते. स्वच्छ काचेवर नळाच्या पाण्याचे काही थेंब आणि शेजारी ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्याचे तितकेच थेंब टाकून सावलीत पूर्ण वाळू द्यावेत. ऊर्ध्वपातित पाण्याची जागा जवळजवळ कोरी राहते. जड पाण्याच्या थेंबाच्या कडेला पांढरट कडे उमटते आणि मध्ये पुसट पापुद्रा राहतो. त्या पापुद्र्यावर व्हिनेगरचा एक थेंब सोडून भिंगातून पाहावे. बारीक बुडबुडे उठले तर तो कार्बोनेट आहे, म्हणजे जडपणाचीच खूण आहे; बुडबुडे न येता पापुद्रा साध्या पाण्यातच विरघळला तर ते मीठ किंवा अन्य क्षार असण्याची शक्यता अधिक. या पाहणीतून आकडा मिळत नाही, पण डाग कशाचा हे कळते.

साबणाची चाचणीही उपयोगी आहे, मात्र तिच्यासाठी खरा साबण हवा. कपड्यांची पावडर किंवा भांड्यांचे द्रव डिटर्जंट चालत नाही, कारण ते जड पाण्यातही फेसाळते. सारख्या आकाराच्या दोन पारदर्शक बाटल्यांत सारखेच पाणी, एकीत नळाचे व दुसरीत ऊर्ध्वपातित, घेऊन साबणाच्या द्रावणाचे मोजून थेंब टाकावेत आणि प्रत्येक वेळी जोरात हलवावे. टिकाऊ फेस येईपर्यंत कोणत्या बाटलीला किती थेंब लागले, यावरून अंदाज येतो. जड पाण्याच्या बाटलीत आधी दुधट साका जमतो. कपड्यांवर आणि अंगावर चिकटून राहतो तो हाच साका.

नेमका आकडा हवा असेल तर थेंब मोजण्याचा संच घ्यावा. प्रयोगशाळेत ईडीटीए हे कॅल्शियम-मॅग्नेशियमला बांधून घेणारे रसायन मोजून घालत जडपणा काढतात; त्या अनुमापनाचेच हे सुटसुटीत रूप आहे. नमुन्यात आधी पीएच (आम्लता-अल्कतेचे माप) सुमारे १० वर स्थिर ठेवणारे द्रावण आणि मग रंगसूचक घातले की पाणी मद्यासारखे लालसर होते. त्यानंतर ईडीटीएचा एकेक थेंब टाकत, प्रत्येक थेंबानंतर बाटली फिरवत जावे. बराच वेळ काहीच घडत नाही. मग लाल रंगात जांभळी छटा शिरते आणि त्यानंतर एका थेंबासरशी पाणी स्वच्छ निळे होते. जांभळ्या छटेवर थांबण्याचा मोह टाळावा, लालीचा अंशही उरता कामा नये. रंग पांढऱ्या कागदासमोर, दिवसाच्या उजेडात पाहावा. एका थेंबाला किती मिलिग्रॅम धरायचे ते संचावर दिलेले असते, आणि नमुना दुप्पट घेतल्यास प्रत्येक थेंबाचे मूल्य निम्मे होऊन मोजणी अधिक बारीक होते. कागदी पट्ट्यांनी साधारण गट कळतो, पण त्यांच्या रंगाच्या दोन पायऱ्यांमधील अंतर मोठे असते.

टीडीएस मीटरविषयी स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे, कारण सर्वांत जास्त गैरसमज त्याच्याच आकड्यावरून होतात. हे मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजते आणि तिला ठरावीक गुणकाने, बहुधा ०.५ ते ०.७ ने गुणून एकूण विरघळलेल्या क्षारांचा अंदाज दाखवते. त्या क्षारांपैकी कॅल्शियम किती आणि साधे मीठ किती, हे त्याला कळत नाही. जंतू, कीटकनाशके किंवा आर्सेनिकच्या घातक प्रमाणाचाही त्याला पत्ता लागत नाही. सांडपाणी मिसळलेल्या पाण्याचा टीडीएस कमी दिसू शकतो आणि उत्तम झऱ्याच्या पाण्याचा जास्त. केवळ हे मीटर दाखवून कोणी पाणी ‘खराब’ ठरवत असेल आणि लगेच यंत्र सुचवत असेल, तर तो निष्कर्ष स्वीकारू नये. त्याच नळाचे पाणी पूर्वीसारखेच आहे की बदलले, हे ओळखायला मात्र मीटर चांगले: नेहमीचा आकडा अचानक खूप हलला तर स्रोत बदलला असावा, असे समजून पुढची तपासणी करावी.

आकड्याचा अर्थ आणि उपाय

रूढ वर्गवारीनुसार ६० मिलिग्रॅमपर्यंतचे पाणी मृदू, ६१ ते १२० मध्यम जड, १२१ ते १८० जड आणि त्यापुढचे अतिशय जड मानले जाते. जागतिक आरोग्य संघटनेने जडपणासाठी आरोग्याच्या कारणावरून कोणतीही मर्यादा ठरवलेली नाही. जड पाण्याने मुतखडा होतो ही समजूत सर्वत्र आढळते, परंतु तिला ठोस पुरावा नाही. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम ही शरीराला लागणारीच खनिजे आहेत. जडपणाचे नुकसान मुख्यतः उपकरणांचे, इंधनाचे, साबणाचे आणि श्रमाचे असते. साधारण २०० मिलिग्रॅमच्या पुढे पाणी तापवण्याच्या भांड्यांत व यंत्रांत थर धरण्याचा वेग त्रासदायक होतो.

सगळा जडपणा एकसारखा नसतो. बायकार्बोनेटमुळे आलेला जडपणा पाणी उकळल्यावर थराच्या रूपाने खाली बसतो, म्हणून त्याला तात्पुरता म्हणतात. सल्फेट व क्लोराइडमुळे आलेला उकळूनही तसाच राहतो. आपल्या पाण्यात कोणता किती, हे घरी काढता येते. एक लिटर पाण्याचा जडपणा मोजावा, तेवढेच पाणी पंधरा मिनिटे उकळावे, थंड करून दाट कापडातून किंवा गाळणकागदातून गाळावे, वाफेने कमी झालेले प्रमाण ऊर्ध्वपातित पाण्याने भरून पुन्हा मोजावे. दोन आकड्यांतील फरक म्हणजे तात्पुरता जडपणा. तोच मोठा असेल तर गीझर आणि किटलीची काळजी आधी घ्यावी.

कॅल्शियम कार्बोनेट हे गरम पाण्यात कमी विरघळते, त्यामुळे तापमान जितके जास्त तितका थर जास्त. म्हणून गीझरचे तापमान शक्य तितके कमी ठेवा असा सल्ला दिला जातो, पण त्याला एक गंभीर मर्यादा आहे. कोमट पाणी साठून राहिले तर त्यात लेजिओनेला हे न्यूमोनियास कारण होणारे जंतू वाढू शकतात, आणि त्यांना रोखण्यासाठी साठवणीच्या गीझरमधील पाणी सुमारे ६० अंश सेल्सियसवर ठेवणे योग्य मानले जाते. थर वाचवण्यासाठी ही काळजी सोडू नये. त्यापेक्षा गीझरमधील थर ठरावीक काळाने काढून घ्यावा. किटली, शॉवर आणि नळाची जाळी यांसाठी लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे सायट्रिक आम्ल पुरते. अर्धा-पाऊण तास भिजवून ब्रशने घासावे व भरपूर पाण्याने धुवावे. आम्ल संगमरवरासारख्या दगडावर सांडू देऊ नये, आणि ब्लीचसोबत ते कधीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी क्लोरिन वायू निघतो.

संपूर्ण घरासाठी उपाय हवा असल्यास आयन-विनिमय पद्धतीचे सॉफ्टनर हे खात्रीचे यंत्र आहे. त्यातील रेझिन कॅल्शियम व मॅग्नेशियम धरून ठेवते आणि त्यांच्या जागी सोडियम सोडते. रेझिन भरले की मिठाच्या पाण्याने ते पुन्हा ताजे करावे लागते. १०० मिलिग्रॅम जडपणा काढला की पाण्यात सुमारे ४६ मिलिग्रॅम सोडियम वाढते. ३०० मिलिग्रॅमचे पाणी पूर्ण मृदू केले तर लिटरमागे १३८ मिलिग्रॅम, म्हणजे दोन लिटर पिणाऱ्या माणसाच्या पोटात रोज २७६ मिलिग्रॅम सोडियम जास्तीचे जाते. प्रौढांसाठी दिवसाला २,००० मिलिग्रॅमच्या आत सोडियम असावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे, तेव्हा ही भर क्षुल्लक नाही. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी आणि तान्ह्या बाळाचे दूध पाण्यात कालवणाऱ्यांनी याचा विचार करावाच. म्हणून पिण्याच्या व स्वयंपाकाच्या थंड नळाची जोडणी सॉफ्टनरच्या आधी काढून घ्यावी, आणि अंघोळ, धुणे व गीझर यांनाच मृदू पाणी द्यावे.

आरओ यंत्र पाणी दाबाने अतिसूक्ष्म पडद्यातून गाळून जडपणासह बहुतेक क्षार काढते, पण बरेच पाणी वाया घालवते आणि फार जड पाण्यात त्याचा पडदा लवकर चोंदतो. पाण्यात फ्लोराइड, नायट्रेट, आर्सेनिक किंवा खारटपणा मर्यादेबाहेर असल्याचे अहवालाने दाखवले तर आरओ योग्य ठरते. नुसता मध्यम जडपणा हे त्याचे कारण होऊ शकत नाही. नळाभोवती चुंबक बसवून पाणी मृदू करण्याचे दावे केले जातात. चुंबकाने कॅल्शियम पाण्याबाहेर जात नाही, आणि थर रोखण्याबाबतही भरवशाचे निष्कर्ष मिळालेले नाहीत.

सुरक्षितता तपासताना

इथे सर्वांत मोलाची घरगुती चाचणी म्हणजे शिल्लक क्लोरिनची. शुद्धीकरण केंद्रात घातलेले क्लोरिन वाहिनीतून जाताना खर्च होत जाते. नळाशी ते किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर उरले असेल तर वाटेत मिसळणाऱ्या जंतूंविरुद्ध काहीतरी संरक्षण आहे असे समजावे. डीपीडी गोळीचा संच घेऊन पाणी काही वेळ वाहू द्यावे, नमुना भरून लगेच गोळी विरघळवावी आणि गुलाबी रंग तक्त्याशी ताडून पाहावा. पाणी रंगहीन राहिले तर क्लोरिन उरलेले नाही. क्लोरिन फारच जास्त असेल तेव्हाही रंग उमटून लगेच उडतो, म्हणून पाण्याला झोंबणारा वास असूनही रंग न आल्यास नमुना ऊर्ध्वपातित पाण्याने पातळ करून चाचणी पुन्हा करावी. वाहिनीच्या टोकाला असलेल्या घरांनी आणि पाणी ठरावीक वेळीच येणाऱ्या भागांनी ही चाचणी नियमित करणे गरजेचे आहे, कारण पुरवठा बंद असताना वाहिनीतील दाब उतरतो आणि फुटक्या सांध्यांतून बाहेरचे घाण पाणी आत ओढले जाऊ शकते. अशा ठिकाणी सुरुवातीचे पाणी पिण्यासाठी भरू नये.

या चाचणीला इतके महत्त्व देण्याचे कारण कॅनडातील वॉकरटन या छोट्या गावात घडलेल्या घटनेत दिसते. मे २००० मध्ये जोरदार पावसानंतर गुरांच्या शेणातील ई. कोलाय जंतू तिथल्या एका उथळ विहिरीत उतरले. सात माणसे दगावली आणि दोन हजारांहून अधिक आजारी पडली. क्लोरिनचे रोजचे मोजमाप नीट होत नव्हते आणि नोंदवहीतील आकडे खोटे होते, असे नंतरच्या चौकशीत उघड झाले. स्वतःच्या नळाशी दोन मिनिटांत होणारी मोजणी अशा नोंदवहीवर विसंबून राहण्यापेक्षा कितीतरी बरी, आणि मोठ्या पावसानंतर ती अवश्य करावी.

डोळ्यांना दिसणाऱ्या बदलांचेही वाचन करता येते. पाणी दुधासारखे पांढरे आले तर ते ग्लासात भरून मिनिटभर पाहावे. खालून वर स्वच्छ होत गेले तर ते हवेचे बारीक बुडबुडे आहेत आणि त्यांचा काही अपाय नाही. वरून खाली नितळत जाऊन तळाशी साका बसला तर त्यात घन कण आहेत. तांबूस पाणी लोहामुळे किंवा गंजामुळे येते आणि वाहिनीच्या दुरुस्तीनंतर बहुधा काही काळ दिसते. काळपट डाग मँगनीजकडे बोट दाखवतात. गढूळपणा केवळ दिसायला वाईट म्हणून नको असे नाही: कणांच्या आडोशाला जंतू क्लोरिनपासून बचावतात, म्हणून निर्जंतुकीकरणाच्या वेळी तो १ एनटीयूपेक्षा (एनटीयू हे गढूळपणाचे एकक) कमी असणे चांगले. डोळ्यांना गढूळपणा साधारण ४ एनटीयूच्या पुढेच जाणवतो, तेव्हा नितळ दिसणारे पाणी हा पुरावा धरू नये.

जंतूंची खात्रीची तपासणी प्रयोगशाळेतच होते. बाटली तिथूनच घ्यावी. ती निर्जंतुक असते आणि तिच्यात क्लोरिन निष्प्रभ करणारे थायोसल्फेट घातलेले असते, म्हणून ती आधी विसळू नये. नळाची जाळी काढावी, तोंड निर्जंतुक करावे, पाणी दोन-तीन मिनिटे वाहू द्यावे, बाटलीच्या तोंडाला बोट न लावता ती भरावी, बर्फात ठेवावी आणि शक्य तितक्या लवकर, कोणत्याही परिस्थितीत २४ तासांच्या आत पोहोचवावी. १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय अजिबात आढळता कामा नये.

शिशाची तपासणी याच्या अगदी उलट पद्धतीने करावी लागते. किमान सहा तास नळ बंद ठेवून, पाणी न वाहवता, पहिलाच लिटर भरावा, कारण शिसे स्रोतातून क्वचितच येते. ते जुन्या नळांतून, जोडांतून आणि पितळी भागांतून उतरते. त्याची मर्यादा ०.०१ मिलिग्रॅम प्रति लिटर आहे. अमेरिकेतील फ्लिंट शहराने एप्रिल २०१४ मध्ये पाण्याचा स्रोत बदलला आणि गंज रोखणारे रसायन घातले नाही, तेव्हा नव्या पाण्याने वाहिन्यांच्या आतील संरक्षक थर खाल्ला आणि घराघरांत शिसे पोहोचले. आपल्या शहरात स्रोत बदलणार असेल आणि इमारत जुनी असेल, तर ही तपासणी बदलाआधी एकदा आणि नंतर एकदा करून घ्यावी. पिण्यासाठी गरम नळाचे पाणी घेऊ नये, कारण गरम पाणी धातू अधिक विरघळवते.

विंधन विहिरीचे पाणी मिसळत असल्यास वर्षातून एकदा तरी फ्लोराइड, नायट्रेट आणि आर्सेनिक तपासून घ्यावे. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मूल्ये अनुक्रमे १.५, ५० आणि ०.०१ मिलिग्रॅम प्रति लिटर अशी आहेत. आपल्या देशाचे मानक याहून कडक असेल तर तेच धरावे. नायट्रेटच्या बाबतीत ‘नायट्रोजन म्हणून’ लिहिलेला ११ हा आकडा आणि ‘नायट्रेट म्हणून’ लिहिलेला ५० हा आकडा एकाच प्रमाणाचे आहेत, हे ध्यानात ठेवावे. पाणी खळखळून एक मिनिट, आणि समुद्रसपाटीपासून २,००० मीटरहून उंच ठिकाणी तीन मिनिटे, उकळल्यास जंतू मरतात. पण नायट्रेट, फ्लोराइड, आर्सेनिक किंवा शिसे उकळून जात नाही. पाणी आटल्याने त्यांचे प्रमाण उलट वाढते.

घरातील टाकी

केंद्रातून चांगले निघालेले पाणी अनेकदा घराच्या टाकीत बिघडते. झाकण घट्ट बसणारे असावे, हवेच्या नळीला जाळी असावी आणि तळाचा गाळ ठरावीक काळाने काढावा. घासून धुतल्यावर टाकी पाण्याने भरून दर १,००० लिटरमागे ५ टक्क्यांचे साधे, सुगंध नसलेले ब्लीच एक लिटर या प्रमाणात घालावे, एक पूर्ण दिवस ठेवावे, नंतर ते पाणी ओतून टाकून टाकी पुन्हा भरावी. क्लोरिनचा वास काढणारा कार्बन फिल्टर टाकीच्या आधी बसवू नये. त्याने साठवलेल्या पाण्याचे संरक्षणच निघून जाते. तो पिण्याच्या नळाशी असावा आणि त्याचे काडतूस वेळेवर बदलावे, अन्यथा त्यातच जंतू वाढतात.

नोंद आणि तक्रार

एका वहीत तारीख, वेळ, आदला पाऊस, जडपणा, टीडीएस, शिल्लक क्लोरिन आणि वास-रंगाचा शेरा लिहीत जावा. जडपणा ऋतूगणिक एकदा मोजला तरी पुरतो. क्लोरिन आठवड्यातून एकदा आणि पावसानंतर लगेच मोजावे. दोष आढळला तर तक्रार करण्यापूर्वी नमुना दोन ठिकाणी घ्यावा: एक टाकीच्या आधी, थेट वाहिनीवर, आणि दुसरा घरातील नळाशी. वाहिनीवरचा नमुना चांगला आणि नळाशी खराब निघाला तर दोष इमारतीचा आहे व दुरुस्ती आपल्यालाच करायची आहे. वाहिनीवरच खराब निघाला तर दोन्ही आकडे, वेळ आणि शेजारच्या दोन-तीन घरांचे निकाल जोडून पाणीपुरवठा विभागाला लेखी कळवावे, त्याची पोच घ्यावी, आणि विभागाने दुरुस्ती केल्याचे कळवल्यावर त्याच नळांवरून, त्याच पद्धतीने पुन्हा नमुना घ्यावा. तोपर्यंत जंतूंची शंका असल्यास पाणी उकळून प्यावे, आणि रासायनिक दोष असल्यास पिण्यासाठी दुसरा, तपासलेला स्रोत वापरावा.